पूर ओसरल्यावर कोकोच्या बागेत या चुका टाळा

ऑगस्ट 2018 मध्ये केरळात महापूर आला, तेव्हा कोकोसाठी ओळखल्या जाणाऱ्या इडुक्की जिल्ह्यालाही अतिवृष्टीने झोडपले. अशा पावसानंतर कोकोवर सर्वात आधी येते ती फळकूज. ‘फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा’ हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव तिचा कारक असून तो पाण्यात पोहणाऱ्या बीजाणूंनी पसरतो. सुपारीवरील कोळेरोगाचा (फळगळीचा) कारकही याच कुळातला असल्याने कोकणातील बागायतदारांना त्याचा स्वभाव परका नाही.

पहिली आणि सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे रोगट फळे झाडावर ठेवून फवारणी करणे. फळावर चॉकलेटी डाग पडतो आणि सुमारे दोन आठवड्यांत ते पूर्ण काळे होते. मात्र काळे पडल्यावरही ते खोडाला लटकत राहते आणि प्रत्येक सरीबरोबर खालच्या निरोगी फळांवर बीजाणू सोडते. म्हणून आधी अशी सगळी फळे काढावीत, बागेबाहेर नेऊन खोल पुरावीत आणि मगच 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) फवारावे. फोडलेल्या फळांच्या साली झाडाखाली टाकण्याची सवयही तितकीच घातक आहे. पिकलेले फळ वरून डागाळले असले, तरी आतील बिया शाबूत असल्यास त्या वाया घालवू नयेत.

बोर्डो मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 1 किलो कळीचा चुना प्लास्टिकच्या भांड्यांत प्रत्येकी 50 लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून, मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतावे. त्यात बुडवलेल्या लोखंडी सुरीवर तांबूस थर आला, तर चुना कमी पडला आहे असे समजून तो वाढवावा. हे मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

दुसरी चूक मुळांबाबत होते. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, बारीक मुळ्या कुजतात आणि ओल असूनही पाने मलूल होतात. हे पाहून पाणी किंवा युरिया दिल्यास झाड आणखी खचते. चर काढून पाणी बाहेर घालवावे आणि वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निघून मातीत हवा खेळेपर्यंत, खत थांबवावे.

बुंध्यावर ओलसर डाग पडून तांबूस द्रव झिरपत असेल, तर ती जखम पुराच्या ओरखड्याची समजून सोडू नये. तो खोडावरील कँकर (साल कुजवणारा रोग) असू शकतो. रोगट साल निरोगी भाग दिसेपर्यंत खरवडून तेथे बोर्डो पेस्ट (बोर्डो मिश्रणाचा घट्ट लेप) लावावी आणि खरवडलेले तुकडे जाळावेत.

दाट फांद्या विरळ कराव्यात, पण खचलेल्या झाडाची एकदम जबर छाटणी करू नये.