इंची लीडस्क्रूवर मेट्रिक आटे? हाफ नट सोडू नका
लेथचा लीडस्क्रू (टूलची गाडी सरकवणारा लांब स्क्रू) इंची असेल आणि इंचाचं मिमीत रूपांतर करणारा १२७ दातांचा गिअर लावून एम १२ × १.७५ चे (व्यास १२ मिमी, पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.७५ मिमी) आटे पाडायचे असतील, तर शेवटच्या कटपर्यंत हाफ नट (गाडी लीडस्क्रूला जोडणारा दोन भागांचा नट) उघडू नका. उघडला, तर हाफ नट कधी लावायचा ते दाखवणाऱ्या डायलवर तोच आकडा धरूनही टूल जुन्या खाचेत पडेलच असं नाही. कट संपला की आधी टूल मागे घ्या, मगच मोटर उलटी फिरवा. नाहीतर बॅकलॅशमुळे, म्हणजे गिअर-स्क्रूमधल्या ढिलाईमुळे, आट्याची बाजू खरवडते. परत येताना जॉबच्या टोकाबाहेर ८-१० मिमी या, म्हणजे पुढच्या कटआधी ढिलाई निघून जाते. पहिला कट ०.०५ मिमी, नुसता ओरखडा. त्यावर मोजून पाहा: १० पिचांचं अंतर १७.५ मिमी भरलं पाहिजे. जॉब धरणारा चक स्पिंडलच्या आट्यांवर बसणारा असेल तर मोटर हळू उलटवा, नाहीतर तो सुटून येतो.