पाठीचा वरचा भाग भरत नाहीये? व्यायाम निवडताना या चुका टाळा

बऱ्याच जिममध्ये पाठीचा दिवस म्हणजे आधी लॅट पुलडाऊन (बसून वरचा बार खाली ओढायचा), मग वेगळ्या ग्रिपने, म्हणजे पकडीने, परत लॅट पुलडाऊन, मग सीटेड रो (बसून हँडल अंगाकडे ओढायचं) आणि वेळ उरलाच तर डंबेल रो. वर्षभर हे केलं की समोरून व्ही शेप दिसायला लागतो पण बाजूने बघितलं तर खांद्याच्या दोन पात्यांमधली जागा तशीच सपाट. मग कोणीतरी सांगतं वजन वाढव, कोणी म्हणतं प्रोटीन कमी पडतंय. माझ्या मते यातल्या बहुतेकांची मेहनत अजिबात कमी नसते, व्यायाम निवडतानाच गडबड झालेली असते.

आधी पाठीची जाडी नक्की कशामुळे येते ते बघू. वरच्या पाठीवर सगळ्यात मोठा पसरलेला स्नायू म्हणजे ट्रॅपेझियस, कवटीच्या मागच्या बाजूपासून छातीच्या १२ व्या मणक्यापर्यंत. त्याच्या आतल्या थरात ऱ्हॉम्बॉइड, बगलेच्या मागे टेरेस मेजर आणि खांद्याच्या मागे रिअर डेल्ट. लॅट्स, म्हणजे पाठीच्या दोन्ही बाजूंचे रुंद स्नायू, मात्र खालच्या पाठीतून निघून दंडाच्या हाडाला जोडलेले असतात, म्हणून त्यांचं मुख्य काम दंड खाली आणि मागे ओढायचं. पाती एकमेकींकडे आणायचं काम मधल्या ट्रॅपचं (ट्रॅपेझियसच्या मधल्या भागाचं) आणि ऱ्हॉम्बॉइडचं. म्हणजे फक्त पुलडाऊन करत राहिलात तर पाठ रुंद होईल, जाड होईलच असं नाही.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक, कोपराची दिशा. रो करताना कोपर बरगड्यांना चिकटवून बार पोटाकडे ओढला की काम मुख्यतः लॅट्स करतात. तोच रो ग्रिप थोडी रुंद, तळवे खाली, कोपर अंगापासून साधारण ४५ ते ७० अंश बाहेर आणि बार छातीच्या खालच्या कडेपर्यंत, असा केला की मधला ट्रॅप आणि रिअर डेल्ट कामाला लागतात. मशीन तेच, बाक तोच. वजन मात्र कमी करावं लागतं कारण लॅट्सची मदत कमी होते, आणि इथेच लोकांना ते पटत नाही, दोन प्लेट कमी केल्या की ताकद गेली असं वाटतं. तसं काही नसतं.

दुसरी चूक माझ्या मते याहून महत्त्वाची. सेट संपला की स्वतःला विचारा, आधी कोण थकलं? बेंट-ओव्हर बारबेल रो (कंबरेत वाकून बार अंगाकडे ओढायचा) चांगलाच व्यायाम आहे पण डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) किंवा स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी केला तर कंबर सातव्या-आठव्या रेपलाच, म्हणजे आवर्तनालाच, हात टेकते आणि वरच्या पाठीला अजून काही जाणवलेलंच नसतं. तुमचं असं होत असेल तर छातीला आधार देणारा रो निवडा. इन्क्लाइन बेंच ३० ते ४५ अंशावर लावा, पालथे झोपा, दोन डंबेल घ्या आणि कोपर बाहेर ठेवून ओढा, यासाठी कुठलंही महागडं मशीन लागत नाही. टी-बारचं छातीला टेकू देणारं मशीन असेल तर उत्तमच. पकड आधी सुटत असेल तर जड सेटला स्ट्रॅप (मनगटातून बारभोवती गुंडाळायचा पट्टा) वापरा, त्यात कमीपणा काही नाही, इथे काम पाठीचं चाललंय, पकडीचं नाही. आणि बायसेप आधी जळत असेल तर हात म्हणजे नुसते हुक समजा आणि कोपराने ओढा, फरक पडतो. पाठीच्या व्यायामात पाठच आधी थकली पाहिजे, निवडीची माझी कसोटी हीच.

"छाती वर, पाती मागे" हे वाक्य ट्रेनर इतक्यांदा सांगतात की लोक रोच्या अख्ख्या सेटमध्ये पाती आवळूनच ठेवतात. बेंच प्रेसला खांदा सांभाळायला असं आवळणं बरोबर आहे. पण रोमध्ये पाती पुढे गेलीच नाहीत तर मागे येणार कशी? खाली जाताना पाती मोकळी सोडा, खांदे पुढे जाऊ द्या, ताण जाणवू द्या, मग ओढा आणि वर एक सेकंद थांबा. थांबता येत नसेल तर वजन जास्त आहे, इतकं साधं. झटका मारून अर्धं उभं राहत बार वर आणला की तो रो राहतच नाही, धड आणि पाय मिळून वजन उचलतात.

डेडलिफ्ट करतो म्हणजे पाठ झाली, असंही बरेच जण धरून चालतात. डेडलिफ्टमध्ये वरची पाठ मुख्यतः वजन धरून ठेवते, पाती फारशी पुढे-मागे होत नाहीत. ताकदीसाठी ठेवा जरूर पण रोच्या जागी नको. श्रग्जचंही (वजन धरून खांदे वर उचलणं) तसंच, ते वरच्या ट्रॅपसाठी, म्हणजे मान आणि खांद्याच्या मधल्या उंचवट्यासाठी. खांदे गोल फिरवत श्रग्ज करू नका, वजन सरळ खाली लटकत असतं, गोल फिरवून ट्रॅपला जास्तीचं काही मिळत नाही.

मानेच्या मागे बार आणणारा पुलडाऊन सोडून द्या. बऱ्याच जणांचा खांदा तेवढा वळत नाही, मग मान पुढे वाकते, आणि समोरून केल्यापेक्षा फायदा काही जास्त नाही.

फेस पुल (केबल चेहऱ्याकडे ओढणं) आणि रिअर डेल्ट फ्लाय (पुढे वाकून हात बाजूला उचलणं) हलक्या वजनाचे आहेत, ते हलकेच ठेवा, १५ ते २० रेप्स. खालच्या ट्रॅपसाठी इन्क्लाइन बेंचवर पालथं पडून हात वाय आकारात उचला, २ किलोचे डंबेल सुद्धा सुरुवातीला पुरतात, विश्वास बसणार नाही पण करून बघा.

आठवड्यात वरच्या पाठीचे साधारण १० सेट, दोन दिवसांत वाटून, ही सुरुवात पुरेशी आहे. उदाहरणार्थ सोमवारी छातीला आधार देऊन रो ३ सेट ८ ते १२ रेप्सचे आणि रिअर डेल्टचे २, गुरुवारी बारबेल रो ३ सेट ६ ते ८ चे आणि फेस पुल २. पुल-अप्स किंवा पुलडाऊन वेगळे, ते रुंदीसाठी चालू राहू द्या. सोसायटीच्या जिममध्ये बारबेलच नसेल तर स्मिथ मशीनचा (रुळांवर सरकणारा) बार कंबरेच्या उंचीला लावून इन्व्हर्टेड रो करा, म्हणजे बारखाली लटकून छाती बारकडे ओढा, जमायला लागलं की पाय बेंचवर ठेवा. तालमीत दोर चढायची सोय असेल तर तीही सोडू नका, पैलवानांच्या पाठी बघा एकदा.

वजन कधी वाढवायचं? तिन्ही सेटला ठरवलेले सगळे रेप्स वर थांबून निघाले की पुढच्या वेळी २.५ किलो, आणि हे लिहून ठेवा कारण मागच्या आठवड्यात काय उचललं ते नेमकं आठवत नाही.

रो करताना मान आखडत असेल तर बहुतेक वेळा खांदे कानाकडे चढत असतात, वजन उतरवा आणि खांदे खाली ठेवून ओढा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल तर काही आठवडे तळवे समोरासमोर येतील असं हँडल घ्या आणि बायसेपचे जादाचे सेट कमी करा. पण हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा मानेतून हातात उतरणारी कळ असेल तर तिथे ग्रिप बदलून काही होणार नाही, व्यायाम थांबवा आणि आधी डॉक्टरला दाखवा.