बागेचा एक कोपरा झाडूपासून कसा वाचवावा

सार्वजनिक बागेत पक्षी-फुलपाखरं यावीत म्हणून पुण्यात लोक हौसेने लाकडी घरटी टांगतात आणि दाणे टाकतात. दाण्यांनी फक्त कबुतरं पोसली जातात. त्यापेक्षा एका कोपऱ्यात पाचोळा राखा.

जागा कुंपणालगत, मोठ्या झाडाखाली, चालायच्या वाटेपासून लांब निवडा. उद्यान विभागाची परवानगी लेखीच घ्या. तोंडी होकार माळी बदलला की संपतो.

खरी कसोटी पाचोळ्याची. माझा सगळ्यात जास्त घाम इथे गळलाय. ‘बाग झाडूच नका’ हा सल्ला देणाऱ्यांनी सकाळच्या ज्येष्ठ मंडळींच्या तक्रारी कधी ऐकलेल्या नसतात. वाटा रोज झाडू द्या, कोपरा तेवढा सोडायला लावा. कडेने दगड लावा आणि ‘पाचोळा मुद्दाम ठेवला आहे’ अशी पाटी रोवा. ढीग मुळीच नको. ढीग दिसला की लोक त्यात पिशव्या फेकतात आणि एक दिवस कुणीतरी काडी लावतो. वीतभर थर पसरा, बुंध्याभोवती मोकळं ठेवा, उन्हाळ्यात अधूनमधून पाणी शिंपडा.

झाडणाऱ्या मावशींना मुकादमामार्फत निरोप धाडू नका. स्वतः जा, ओली पानं उलटून खालची गोम, वाणी, गांडुळं दाखवा. सातभाई कलकलाट करत पानं उलथायला लागले की त्या स्वतःच कोपरा सांभाळतात.

डासांची ओरड होणारच. डासांना साठलेलं पाणी लागतं, कोरडी पानं नव्हे. साप उंदरांमागे येतो, तेव्हा खरकटं टाकणं आधी बंद करा. पाचोळ्यात हात घालायचा तर काठीने चाळवूनच.

फुलपाखरांसाठी झाडं सोपी: लिंबू, कढीपत्ता, रुई, पानफुटी. लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर नीट बघा, ती फुलपाखराची कोवळी अळी असते. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंतही (२०१५ पासून) लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. पानं कुरतडलेली दिसली म्हणून फवारणी केलीत तर झाड लावलंत कशाला?

पाण्याला उथळ परळ. दर दोन दिवसांनी घासून भरा.

वाळकी फांदी दिसली की तोडायची घाई नको. तांबट अशाच लाकडात ढोली कोरतो. वाटेवर झुकली असेल तरच उद्यान विभागाला सांगून उतरवा, आणि ते लाकूड बाहेर न नेता त्याच कोपऱ्यात आडवं टाकून द्या.