तंबोरा, सतार, तबला विमानाने नेताना

विमानाच्या पोटात हवेचा दाब नसतो, म्हणून सतार-तंबोऱ्याचा भोपळा फुटतो किंवा तबल्याची पुडी (चामड्याचं तोंड) फाटते, असं पुष्कळ जण धरून चालतात. प्रवासी विमानात सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच दाब राखलेला असतो. भोपळा फुटतो तो सामान चढवता-उतरवताना आपटल्यामुळे. दांडी मोडते ती तारा ताणलेल्या असताना हिसका बसल्यामुळे. तबली (भोपळ्याच्या तोंडावरची पातळ लाकडी फळी) तडकते ती कोरड्या हवेने, आणि तेही बहुतेक वेळा मुक्कामाला पोचल्यावर. हे डोक्यात ठेवलं की काय बांधायचं आणि काय सैल सोडायचं, ते आपोआप कळतं.

आधी टेप घ्या

तिकीट काढण्याआधी वाद्य केससकट मोजा. लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत असेल तर बहुतेक कंपन्यांकडे ते साधं चेक-इन सामान ठरतं. सतारीची फायबरची केस साधारण १३० × ४५ × ४० सेंटिमीटर, म्हणजे बेरीज २१५. पुरुषी तंबोरा तर पाच फुटांच्या घरातला. ही दोन्ही वाद्यं ‘ओव्हरसाइझ’मध्ये जातात. त्यांचं शुल्क वेगळं आणि सामान देण्याची खिडकीही वेगळी. वजनाला ३२ किलोची मर्यादा असते आणि तिथे घासाघीस चालत नाही, कारण ती सामान उचलणाऱ्या माणसाच्या पाठीसाठी ठेवलेली आहे.

देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीला साधारणपणे केबिनमध्ये ७ किलो आणि चेक-इनला १५ किलो मिळतात. तांब्या-पितळेचा डग्गा आणि तबला मिळून ७ किलोंवर सहज जातात. म्हणून वादकांची सवय अशी की तबला हातात आणि डग्गा सामानात. लाकडी तबला पडला तर खोड चिरतं. डग्ग्याला पोचा आला तरी कार्यक्रम होतो.

कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीआर ७२ ही पंख्याची लहान विमानं येतात. त्यांत डोक्यावरचे कप्पे अरुंद असतात. मुंबईहून मोठ्या विमानात जी केस वर बसली, ती पुढच्या लहान विमानात बसेलच असं नाही. जोडप्रवास असेल तर मोजमाप सगळ्यात लहान विमानाचं धरा.

वाद्यासाठी शेजारची सीट विकत घेता येते. ती वेबसाइटवरून बहुधा मिळत नाही. फोन करून वाद्याची मापं सांगावी लागतात, आणि मंजुरी ईमेलवर मागून तिची प्रिंट जवळ ठेवावी. वाद्य खिडकीकडे बसतं, भोपळा खाली आणि पट्टा आवळून. आपत्कालीन दाराच्या रांगेत त्याला जागा देत नाहीत. सतारीला हा मार्ग परवडतो. मोठ्या तंबोऱ्याला उंचीमुळे नकार येऊ शकतो.

अमेरिकन विमान कंपन्यांना २०१५ पासून तिथल्या परिवहन खात्याचा नियम लागू आहे: लहान वाद्य वरच्या कप्प्यात किंवा सीटखाली मावत असेल आणि चढताना जागा शिल्लक असेल, तर ते केबिनमध्ये घ्यावंच लागतं, नेहमीच्या हँडबॅगेपलीकडे वेगळं शुल्क न लावता. यातला ‘शिल्लक असेल तर’ हा भाग महत्त्वाचा. म्हणून व्हायोलिनवाल्यांनी विमानात चढण्याच्या पहिल्या गटात नंबर लावावा.

दोन आठवड्यांच्या दौऱ्यासाठी मोठा तंबोरा नेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. परदेशात जिथे शास्त्रीय संगीताची मंडळं आहेत तिथे तंबोरा उसना मिळतो, आणि नाहीतर इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा सपाट तंबोरी चालते. तंबोऱ्यांची जोडी कायमची घेऊन जायची असेल तर गोष्ट वेगळी.

तारा किती उतरवायच्या

पूर्ण नाही. सतारीची घोडी, म्हणजे तबलीवरची तारा टेकतात ती पट्टी, मुख्यतः तारांच्या दाबाने जागेवर राहते. तारा साफ सोडल्या की घोडी सरकते आणि तबलीवर घरंगळत ओरखडे काढते. हार्मोनियमच्या दोन-तीन पट्ट्या खाली आणा, म्हणजे काळी एकची सतार सफेद सातपर्यंत किंवा आणखी एक पट्टी खाली. तरफांच्याही (मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या) तारा तेवढ्याच. मग:

१. घोडीच्या चारी कोपऱ्यांशी कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून तिची जागा खुणावून ठेवा.
२. घोडीच्या मागे-पुढे तारा आणि तबली यांच्यामध्ये मऊ सुती कापडाची घडी सरकवा.
३. तंबोऱ्याच्या जवारीचे (घोडीवर तारांखाली सरकवलेले) दोरे काढून पाकिटात ठेवा. तारांत ओवलेले सूर जुळवायचे मणी सैल राहिले तर तबलीवर टकटक करतात. त्यांच्याखालीही कापड घाला.
४. सतारीचा वरचा लहान भोपळा स्क्रूवर असतो. तो काढून वेगळा गुंडाळा.

केस भरणं

गवसणी धुळीसाठी असते, प्रवासासाठी नाही. चेक-इनला जाणाऱ्या वाद्याला कडक केस हवीच. पण कडक केसमध्येही वाद्य मोडतं, कारण आत ते हलतं. भोपळ्याचा भार कापडाच्या चुंबळीवर यावा, गोलाई पूर्ण टेकावी. दांडीला मधोमध एक आणि गळ्याजवळ एक असा फोमचा आधार द्या. दांडी भोपळ्याला जिथे जोडलेली असते तो गळाच सगळ्यात आधी उखडतो. खुंट्यांकडचं टोक मात्र केसच्या भिंतीला कुठेच लागता कामा नये. तिथे चार बोटं जागा मोकळी सोडा. केस उभी आपटली की तेच टोक मार खातं आणि धक्का सरळ गळ्यात उतरतो.

भरून झाल्यावर केस बंद करून चारी बाजूंना हलवा. आत ‘धप’ असा आवाज आला तर पुन्हा उघडा. आवाज बंद होईपर्यंत उपरणी, टॉवेल, झब्बे, जे असेल ते कोंबा, पण तबलीवर दाब देऊन नाही.

तपासणीला केस उघडली जाते आणि परत भरणारा माणूस वादक नसतो. म्हणून नीट भरलेल्या अवस्थेचा मोठा फोटो छापून झाकणाच्या आत चिकटवा आणि खाली इंग्रजीत दोन ओळी लिहा. या एका कागदाने बरीच वाद्यं वाचतात.

तबला न्यायच्या आधी गजरा (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) खालून वर ठोकून सूर अर्धा-एक उतरवा. पुडीवर जाड कापडाची चकती ठेवा, शाईला धक्का बसू नये म्हणून. हातोडी हमखास विसरली जाते: ती हँडबॅगेत सापडली तर सुरक्षा तपासणीत जप्त होते. तिची जागा चेक-इन सामानात. बोटांना लावायची पावडर अमेरिकेला जाताना हातात ३५० मिलिलीटरपेक्षा मोठ्या डब्यात नेऊ नका.

हार्मोनियमचं फार अवघड नाही. भात्याचे आकडे लावा, स्टॉप आत ढकला, पट्ट्यांवर कापडाची लांब घडी ठेवून झाकण बंद करा. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक मात्र केबिनमध्येच.

कागद आणि हाडं

जुन्या सतारीची घोडी कशाची आहे ते कारागिराकडून विचारून घ्या. हस्तिदंत किंवा सांबरशिंग असेल तर ते वाद्य परदेशी नेऊ नका, घोडी बदलून घ्या. नक्षीतही हस्तिदंत असू शकतो. शिसवी लाकडाची काळजी आता कमी झाली आहे. २०१७ मध्ये शिसवीची सगळी जात आंतरराष्ट्रीय निर्बंधाच्या यादीत आली होती. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट आहे.

आजोबांचा तंबोरा शंभर वर्षांहून जुना असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात तो पुरावस्तू ठरू शकतो आणि देशाबाहेर नेता येत नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला निघतो. महागडं वाद्य परत आणायचं असेल तर निघतानाच विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. नाहीतर परतताना ‘हे बाहेरून आणलं नाही कशावरून?’ याचं उत्तर रात्री दोन वाजता द्यावं लागतं.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला भोपळा, लाकूड, चामडं सगळंच प्रवेशाच्या जाहीरनाम्यात लिहून द्यावं लागतं. लिहून दिलं की बहुधा पाहून सोडतात. लपवलं तर दंड. न्यूझीलंडमध्ये तो जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलर आहे. भोपळ्यात किड्याने पाडलेली भोकं असतील तर आधीच दुरुस्त करून घ्या.

काउंटरवर

वाद्याचे फोटो घरीच काढा: चारी बाजू, गळा, घोडी, आणि बंद केस. काउंटरवर ‘फ्रॅजाइल’ चिठ्ठी मागा, पण सही करायला दिलेला कागद वाचा. ‘लिमिटेड रिलीज’ असं लिहिलेलं असेल तर मोडतोडीची जबाबदारी तुम्ही स्वतःवर घेत आहात. देशांतर्गत प्रवासात सामानाची भरपाई कमाल २० हजार रुपये. माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार अमेरिकन डॉलर. वाद्याची किंमत याहून जास्त असेल तर काउंटरवर जादा मूल्य जाहीर करा किंवा वेगळा विमा काढा.

उतरल्यावर

थंड देशात पोचलात तर केस लगेच उघडू नका. खोलीत १२ ते २४ तास बंदच राहू द्या, नाहीतर थंड तारांवर दव धरतं आणि गंज चढतो. नंतर तारा एकदम न चढवता दिवसभरात दोन-तीन टप्प्यांत चढवा. हिवाळ्यात हीटरने घरातली हवा खडखडीत कोरडी होते. खुंट्या आक्रसतात आणि घसरतात (थोडा खडू लावा), पुडी ताणली जाऊन सूर चढतो, तबलीला चिरा जातात. वाद्य हीटरपासून लांब, केसमध्ये ओलावा देणाऱ्या पिशवीसोबत ठेवा.

विमानतळावर केस फुटलेली दिसली तर बाहेर पडू नका. तिथेच उघडा, फोटो काढा, सामान विभागात नुकसानीचा अहवाल लिहून घ्या आणि त्याची प्रत ठेवा. लेखी तक्रारीला सामान हातात आल्यापासून ७ दिवस मिळतात. बोर्डिंग पास आणि सामानाची चिठ्ठी फेकू नका.

भोपळा फुटला असेल तर फेविक्विक लावू नका. त्याने कड कडक होते आणि जोड पुन्हा नीट बसत नाही. केसच्या तळाशी पडलेले नखाएवढे तुकडेही वेचून पाकिटात भरा. मिरजेचे कारागीर फुटलेला भोपळा तुकडे जुळवून सांधतात, रंगावर जोड दिसतही नाही; तुकडा हरवला असेल तर तिथे भुसा आणि सरस भरावा लागतो.