कोकणात गळाने मासेमारी: होडी ठरवताना आधी तिथी बघा, मग सुट्टी

मासेमारीसाठी होडी ठरवताना बहुतेक जण शनिवार-रविवार बघतात. बघायला हवी ती तिथी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. उधाणात पाण्याला जबर ओढ असते, खाडीचा गाळ बाहेर येतो. खोल पाण्यात दोरीला बांधून सोडलेलं शिशाचं वजन तळाला टिकत नाही, आणि नजरेने शिकार करणाऱ्या सुरमईला गढूळ पाण्यात आमिष दिसत नाही. म्हणून बाहेर समुद्रात जायचं तर षष्ठी ते दशमीमधला दिवस धरा. खाडीच्या तोंडाशी जिताडा किंवा तांबोशीसाठी बसायचं असेल तर मात्र पाणी थोडं हलतं हवं. तिथे तृतीया-चतुर्थी किंवा द्वादशी-त्रयोदशी बरी. त्यातही ओहोटीचा शेवटचा तास आणि भरतीचे पहिले दोन तास सोडू नका.

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ निघते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. ठिकाणानुसार हे पुढेमागे होतं, त्यामुळे नेमकी वेळ जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, मालवणला तिच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे अलिबाग-मुरुडला तिथी चुकली तर दिवस फुकट जातो, वेंगुर्ल्याला थोडं निभावतं.

यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ तो. तारखा त्या वर्षीच्या आदेशात तपासा. बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, तरी लाटा लगेच बसत नाहीत; हौशी माणसाने सप्टेंबर अखेरपर्यंत खाडीतच राहावं. ऑक्टोबरपासून पाणी निवळतं आणि बांगडा-तारलीच्या मागे सुरमई आत येते. याच दिवसांत अरबी समुद्रात वादळंही होतात, म्हणून आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज, दोन्ही बघायचेच. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात शांत. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो, किनाऱ्याजवळ पाणी सपाट असतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा उठला की होडी आपटायला लागते. उजाडायच्या आत निघा, अकरापर्यंत परत फिरा. एप्रिल-मेमध्ये हा वारा आणखी लवकर जोर धरतो.

होडी ठरवताना भाड्याच्या आधी तीन गोष्टी विचारा. प्रवासी नेण्याचा परवाना आहे का? मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी नेण्याचा नव्हे. प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट आहे का, आणि ते अंगात घालून बघता येईल का? इंजिन बंद पडलं तर काय? दुसरं इंजिन किंवा निदान वल्ही, नांगर आणि व्हीएचएफ रेडिओ संच हवा. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर पैशांचं काय आणि पकडलेली मासळी कोणाची, हेही आधीच बोलून घ्या. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये ठेवा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्याची हद्द तांडेलाकडून, म्हणजे होडी चालवणाऱ्याकडून समजून घ्या आणि तिथे गळ टाकू नका.

सुरमईसाठी चालत्या होडीमागे २५ ते ४० मीटरवर नकली मासा ओढायचा, वेग ५ ते ७ नॉट. गळाच्या पुढे ३० ते ४५ सेंटिमीटर पोलादी तार हवीच. नुसता तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, सुरमईचे दात एका झटक्यात कापतात. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा ब्रेक, हाताच्या अंदाजाने लावू नका. दोरी १८ किलो ताण सोसणारी असेल तर वजनकाट्याला बांधून ओढा आणि साडेचार ते सहा किलोवर ती सुटू लागेल असा ड्रॅग लावा. घट्ट ठेवला तर पहिल्याच धावेत दोरी तुटते किंवा गरी (गळाचा आकडा) तोंडातून फाटून निघते. हातभरापेक्षा लहान सुरमई परत सोडा.

खडकावर हेकरू-गोबऱ्यासाठी १५० ते २५० ग्रॅम शिसं, ४/० ते ६/० मापाची गरी आणि माकुलाची पट्टी किंवा बांगड्याचा काप. शिसं मुख्य दोरीपेक्षा कमकुवत तंगुसाने बांधा, म्हणजे अडकलं तर तेवढंच तुटेल. तळ लागला की दोन फूट वर घ्या. मासा लागल्यावर पहिले तीन-चार मीटर न थांबता उचलायचे. ढील मिळाली की तो कपारीत शिरतो आणि मग निघत नाही.

नांगराचा दोर खोलीच्या निदान तिप्पट, ओढ असेल तर पाचपट सोडावा लागतो, आणि तो नाळीवरच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकालाच बांधायचा. मागच्या बाजूला बांधला तर लाट सरळ आत येते आणि लहान होडी मिनिटभरात भरते.

शिंगाळा लागला तर हाताने धरू नका, पक्कडीने गरी काढा. काटा लागलाच तर जखम साधारण ४५ अंशांच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. उष्णतेने त्याच्या विषाच्या वेदना कमी होतात.

बर्फ मासळीच्या वजनाइतका न्या. सुरमई, गेदर, बांगडा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. मासा वर आला की कल्ल्यापाशी चीर देऊन रक्त काढा, कल्ले-आतडी तिथेच साफ करा, पोटात बर्फ भरा आणि खोक्याचं बूच उघडं ठेवा, म्हणजे वितळलेल्या पाण्यात मासा भिजत पडणार नाही.