आधी गद्य विचारा, मग ऑपेरा ऐका

बाबांच्या वर्षश्राद्धाला मी घरच्या ग्रुपसाठी त्यांच्या फोटोंचा व्हिडिओ केला आणि मागे एक इटालियन गाणं लावलं, ‘ओ मिओ बाब्बिनो कारो’. बाई इतकी आर्त गात होती की मला ती प्रार्थनाच वाटली. सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी पाठवले. माझ्या वसईच्या मैत्रिणीचा मात्र फोन आला. ती चर्चच्या क्वायरमध्ये गाते. हसू आवरत म्हणाली, “अगं, ती मुलगी बापाला धमकी देतेय! लग्न होऊ दे, नाहीतर पुलावरून नदीत उडी टाकते म्हणून.”

खरंच तसं आहे. पुच्चिनी या इटालियन संगीतकाराच्या १९१८ सालच्या ‘जान्नी स्कीक्की’ या एकांकी, विनोदी ऑपेरातलं हे पद. एक श्रीमंत म्हातारा गेलाय, मृत्युपत्रात सगळं मठाला. नातेवाईक हबकलेत. त्यांना या गाणाऱ्या मुलीच्या, लाउरेत्ताच्या, चलाख बापाची गरज आहे, पण तो उपरा म्हणून त्याचा पाणउताराही करतात. तो तरातरा निघतो. त्याला थांबवायला लेक अडीच मिनिटं गाते. आणि तो थांबतो, मृत्युपत्र बघायला मागतो.

मी व्हिडिओ बदलला नाही. १९९४ साली गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत, ओट्याला टेकून, मी बाबांसमोर जवळपास हेच नाटक केलं होतं. नदी नव्हती, चौपाटी होती. बाबांनी पेपरची घडी घातली आणि विचारलं, “मुलगा करतो काय?”

त्या व्हिडिओपासून माझी ऑपेरा ऐकायची एकच रीत आहे, आणि ती बाबांचीच. ते आम्हाला साहित्य संघात संगीत नाटकांना न्यायचे. रेडिओवर नुसतं नाट्यपद लागलं तरी त्याआधीचं गद्य वाक्य स्वतः म्हणायचे, मग गप्प बसून ऐकायचे. गद्याशिवाय पद म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट, असं त्यांचं मत. ऑपेरातला ‘आरिया’ म्हणजे पदच. आपल्याला ते परकं वाटतं, कारण त्याआधी काय झालं ते कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून सुरुवातीला तीन तासांच्या ऑपेराच्या वाटेला जाऊ नका. एकच पद घ्या, आठवडाभर पुरवा. आधी त्या प्रसंगापुरत्या चार ओळी वाचा, अख्खं कथानक नको. मग विचारा: कोण गातंय, कोणासमोर, आणि समोरच्याकडून काय हवंय? माझा चौथा प्रश्न जरा खवचट आहे: हा माणूस खरं बोलतोय का? पहिल्यांदा अर्थ न बघता ऐका. दुसऱ्यांदा मोबाइलवर भाषांतर उघडून. तिसऱ्यांदा मोबाइल पालथा ठेवून. आणि पहिल्या दोन वेळा तरी लोकलमध्ये नको. मी आठ चौदाच्या गाडीत प्रयत्न केलाय. बाई हळूच स्वर लावते तोच ‘पुढील स्टेशन, दिवा’.

चौथा प्रश्न कामाला कसा येतो ते ‘ला दोन्ना ए मोबिले’वर बघा. व्हर्दीच्या ‘रिगोलेत्तो’तलं, १८५१ सालचं. चाल ठाऊक नाही असा माणूस विरळा. बायका चंचल असतात, असं ड्यूक मजेत गातो, आणि अख्ख्या गोष्टीत सगळ्यात चंचल तोच. पण खरी गंमत शेवटी आहे. ड्यूकच्या दरबारचा विदूषक रिगोलेत्तो, त्याने ड्यूकला मारायची सुपारी दिलीय, प्रेताचं पोतं हातात आलंय, आणि लांबून तीच चाल ऐकू येते. ड्यूक जिवंत आहे. मग पोत्यात कोण? रिगोलेत्तोचीच मुलगी. पुन्हा पहिल्यापासून ऐका आता ते मजेचं गाणं.

लिओनकावाल्लोच्या ‘पालियाच्ची’तलं (१८९२) ‘व्हेस्ती ला जुब्बा’ मला समजावून सांगावं लागलं नाही. बायकोचं बाहेर प्रेम आहे हे विदूषकाला आत्ताच कळलंय, आणि खेळाची वेळ झालीय. तो स्वतःलाच सांगतो, तोंडाला पावडर लाव, हस. मी बँकेच्या काउंटरवर तीस वर्षं काढली. आईचा रिपोर्ट फोनवर कळला त्या दिवशीही पेन्शनवाल्या आजोबांना हसून म्हणाले, “बसा ना, पासबुक देते भरून.”

एक गोष्ट आपल्या कानांना सोपी जाते. हँडेलच्या ‘रिनाल्दो’तलं (१७११) ‘लाश्या किओ पियांगा’ ऐका, ‘मला रडू द्या’. पहिला भाग, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. पण परत येताना गायिका स्वतःच्या हरकती घेते. ध्रुवपदावर परत येताना आपले नट काय करायचे? आणि वन्स मोअरचा उपद्रवही तिकडे होताच. १७८६ साली मोझार्टच्या ‘फिगारो’ला इतके वन्स मोअर पडायला लागले की सम्राटाने हुकूम काढला, एकट्याच्या पदाखेरीज काहीही परत गायचं नाही.

प्रत्यक्ष बघायचं तर नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट ऑपेराचे प्रयोग पडद्यावर दाखवतात, खाली इंग्रजी ओळी येतात. आमच्या लहानपणी ऑपेरा हाऊस म्हणजे बसचा स्टॉप आणि सिनेमाचं थिएटर. १९११ साली उघडलेली ती वास्तू बरीच वर्षं बंद होती. २०१६ साली पुन्हा उघडली तेव्हा मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. काही नसलं तरी आत जाऊन छताकडे बघा.

आता माझं सगळ्यात लाडकं. ‘मादामा बटरफ्लाय’, पुन्हा पुच्चिनी, १९०४. मिलानला पहिल्या प्रयोगाला लोकांनी हुर्यो केली होती. नागासाकीच्या टेकडीवरच्या घरात बटरफ्लाय तीन वर्षं अमेरिकन नवऱ्याची वाट बघतेय. दासी सुझुकीला वाटतं, तो येणार नाही. तिला पटवायला बटरफ्लाय गाते, ‘उन बेल दी’, एके दिवशी. पद वरच्या स्वरावरच सुरू होतं, पण अगदी हलकं, जणू लांबून. समुद्रावर धुराची रेघ, मग पांढरं जहाज, मग टेकडी चढणारा एक ठिपका. तो हाक मारेल, मी ओ देणार नाही, लपून राहीन. थोडी थट्टा म्हणून, थोडं जीव जाऊ नये म्हणून.

डोंबिवलीत आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा न्यू जर्सीला असतो. दर श्रावणात येणार असतो. काकू सांगतात, “फोन नाही करायचा तो आधी. टर्मिनल दोनवरनं सरळ टॅक्सी करेल, बेल वाजवेल. मी लगेच नाही हो उघडणार दार. त्यालाही जरा बघू दे वाट.”

एका दुपारी मी त्यांना हे पद ऐकवलं. आधी गद्य सांगितलं, माझ्या नियमाने, पण सुझुकीपर्यंतच. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर विचारलं, “येतो का गं तो?”

तो येतो. नवी अमेरिकन बायको घेऊन, मूल न्यायला.

“येतो,” मी म्हटलं, आणि चहाचं आधण ठेवायला उठले.