भाकरीचा सीन आणि पाच सेकंदं

एडिटिंगला असिस्टंट म्हणून लागले त्या पहिल्याच वर्षी एका लघुपटाचा सीन माझ्याकडे आला. गावातलं स्वयंपाकघर. आई चुलीपुढे भाकरी थापतेय, मुलगा उंबऱ्यावर बसलाय. तो म्हणतो, "उद्या निघतो मी." बस्स. रशेसमध्ये, म्हणजे शूट केलेल्या कच्च्या फुटेजमध्ये, आईचा सुरेख क्लोजअप होता, डोळे भरून आलेले. संवाद संपल्याबरोबर मी तो लावला. कुठेही खटकत नव्हतं, पण बघताना आत काही हलतही नव्हतं.

ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते त्या एडिटर सरांनी तो क्लोजअप काढायला लावला आणि वाइड शॉट लांबवायला सांगितला. आई पाठमोरी, मुलगा दारात, दोघंही एकाच फ्रेममध्ये. संवादानंतर कट नाही. थापणारे हात थांबतात, त्याबरोबर बांगड्यांची किणकिणही थांबते. मग ती भाकरी उचलून तव्यावर टाकते आणि वरून पाण्याचा हात फिरवते. चेहरा दिसतच नाही, म्हणून बघणारा तो मनात तयार करतो. पहिल्यांदा बघताना माझाच घसा दाटून आला.

मुलगा गेल्यावर मात्र आईचा चेहरा हवा होता, आणि त्यासाठी घेतलेले सगळे टेक जरा जास्तच रडके होते. शेवटी वापरला तो तुकडा 'ॲक्शन' म्हणण्याआधीचा. लाइट नीट होण्याची वाट बघत त्या बाई नुसत्या बसल्या होत्या. रिकाम्या उंबऱ्याच्या शॉटनंतर तो लावला आणि बघणाऱ्या प्रत्येकाला त्यात दुःख दिसलं.

याला कुलेशॉव्ह परिणाम म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी सोव्हिएत रशियात दिग्दर्शक लेव कुलेशॉव्हने नट मोझुखिनचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या शॉट्सना जोडून दाखवला. त्याचा विद्यार्थी, दिग्दर्शक पुदोव्हकिन याने लिहून ठेवल्याप्रमाणे ते शॉट होते सूपची थाळी, शवपेटीतली बाई आणि खेळणारी लहान मुलगी. प्रेक्षकांनी प्रत्येक वेळी त्या चेहऱ्यात वेगळा भाव वाचला. हे पुस्तकात वाचून समजतं, पण पटतं ते स्वतःच्या एडिटिंग टाइमलाइनवर शॉट जोडून बघितल्यावर. नवीन असाल तर मोबाइलवर घरातल्या कुणाचा तरी शांत चेहरा दहा सेकंद शूट करा आणि हा प्रयोग आजच करा.

कटने दोन गोष्टी शेजारी येतात, तशा त्या कटशिवायही आणता येतात. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (2013) यासाठी पुन्हा बघा. शेवटाकडे नायक जब्याच्या घरचे बांधलेलं डुक्कर खांद्यावरून घेऊन चाललेत आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले यांची चित्रं आहेत. इथे आधी भिंत आणि मग कुटुंब असे वेगळे शॉट लावले असते, तर दिग्दर्शक आपल्याला बोट दाखवून सांगतोय असं वाटलं असतं. एकाच फ्रेममध्ये दोन्ही आहेत, म्हणून ते आपल्या डोळ्यांना सापडतं, आणि स्वतःला सापडलेलं जास्त खोल जातं. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याकडे, आणि पडदा काळा होतो. इतका वेळ आपण बाजूला उभे राहून बघत होतो. त्या एका शॉटने आपल्याला जब्याच्या घरच्यांना हसणाऱ्या गर्दीत नेऊन उभं केलं.

लो अँगल (कॅमेरा खालून वर बघणारा) म्हणजे ताकद, हाय अँगल (वरून खाली बघणारा) म्हणजे दुबळेपणा असे तक्ते नवीन मुलं पाठ करतात. त्यावर फार विसंबू नका. आधीच्या आणि नंतरच्या शॉटशिवाय कुठलाही अँगल काही ठामपणे सांगत नाही.

अभ्यासाची माझी पद्धत साधी आहे. तीन मिनिटांचा एकच सीन घ्यायचा. आवाज बंद करून प्रत्येक कटला थांबायचं आणि वहीत दोनच गोष्टी लिहायच्या: शॉट किती सेकंदांचा आहे, आणि आत्ताच का तुटला. मग स्क्रीन झाकून तोच सीन नुसता ऐकायचा. ही दुसरी पायरी गाळू नका. भाकरीच्या सीनमधला तो थांबा मी एकदा आवाज बंद असताना पाचावरून तीन सेकंदांवर आणला होता, कारण चित्र नुसतंच रेंगाळतंय असं वाटलं. आवाज लावून बघितलं तर बांगड्या थांबल्यात हे कानाला कळेपर्यंत शॉट संपलेला होता. दोन सेकंदं परत जोडली.